पोदेराच्या हिशेबाचे कॅलेंडर

आमच्या फोंड्याच्या घरी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, रोज किती पाव घेतले, ते आई कॅलेंडरवर लिहिते. छापील कॅलेंडरच्या चौकटी आधीच तिथी-सणांनी भरलेल्या, आकडा लिहायचा कुठे? म्हणून आता महिन्याचे पान मीच काढून देतो.

पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 'कॅलेंडर' नावाचे मॉड्यूल, म्हणजे तयार कोडचा संच, आयतेच असते, वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. त्यातला 'टेक्स्टकॅलेंडर' घ्या आणि त्याला ६ हा आकडा द्या. न दिल्यास आठवडा सोमवारपासून सुरू होतो, आणि आईला रविवार पहिला नसला की चालत नाही! मग 'फॉरमॅटमंथ'ला क्रमाने चार आकडे द्यायचे: २०२६, १२, ५, ३. पहिले दोन वर्ष आणि महिना. पाच म्हणजे तारखेच्या रकान्याची रुंदी, तीन म्हणजे आठवड्यामागे ओळी. खरी गंमत या तीनमध्येच आहे. प्रत्येक तारखेखाली दोन ओळी कोऱ्या राहतात, पावांचा आकडा तिथे आरामात मावतो. १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिन, शनिवारी आला आहे. अशा सुट्ट्यांना मी पेनानेच गोल करतो.

छापताना फॉन्ट कुरियरसारखा, सगळ्या अक्षरांना सारखी जागा देणारा हवा. नाहीतर तारखा वारांखालून सरकतात. वारांची नावे मराठीत आणायचा मोह मलाही झाला होता. पण काना-मात्राही वेगळे अक्षर म्हणून मोजले जातात, त्यामुळे रकाने वाकडे होतात. नावे इंग्रजीच ठेवा.