जुनं अरीना दुरुस्त करायचं की पाडून नवं बांधायचं? आधी सांगाडा मोजा

अमेरिकी विद्यापीठांची बास्केटबॉलची बरीचशी अरीना, म्हणजे छत असलेली बंदिस्त क्रीडागृहं, १९५० ते १९९० या काळात उभी राहिली. आज त्यातल्या कित्येकांची छतं गळतात, मध्यंतरात स्वच्छतागृहांपुढच्या रांगा जिन्यापर्यंत जातात आणि खुर्च्यांत गुडघे अडकतात. चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचं डीन स्मिथ सेंटर १९८६ मध्ये उघडलं. एकवीस हजारांहून जास्त आसनांची ती वास्तू ठेवायची की दुसरीकडे नवी बांधायची, यावर तिथे गेली काही वर्षं जोरात चर्चा आहे. अशा निर्णयाची आकडेमोड करणाऱ्या सल्लागार कंपन्यांमध्ये आपले मराठी इंजिनियरही आहेत. त्यांच्यासाठी आणि कुठल्याही मोठ्या प्रेक्षागृहाचा असाच पेच सोडवणाऱ्यांसाठी ही कामाची पद्धत.

बहुतेक समित्या सुरुवातच उलटी करतात. आधी आर्किटेक्टचं रंगीत चित्र येतं, मग देणगीचा आकडा, आणि शेवटी इमारतीची तपासणी. क्रम बरोबर उलटा हवा: छत, मग बाउल म्हणजे पायऱ्यांचा कटोरा, मग माणसांची सोय, मग वेळापत्रक, आणि पैसा सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन टप्प्यांतच अर्ध्याहून जास्त उत्तर मिळून जातं.

छत: किती वजन पेलतंय आणि किती पेलेल

मूळ नकाशे, लोखंडी कामाची शॉप ड्रॉइंग्ज (कारखान्यात भाग बनवायला वापरलेले नकाशे) आणि नंतर घेतलेल्या प्रत्येक परवानगीचे कागद मिळवा. मग छतावर आणि छताखाली नंतर काय काय चढलं त्याची यादी वजनासकट करा: स्कोअरबोर्ड, स्पीकर, वातानुकूलनाची यंत्रं, केबलचे ट्रे. जुन्या डांबरी थरावरच नवा थर टाकलेला असणं हा नेहमीचा प्रकार. पाच-सहा ठिकाणी छत कापून थर मोजा. खडी पसरलेल्या एका डांबरी आवरणाचं वजन चौरस फुटाला साधारण सहा पौंड भरतं. नव्वद हजार चौरस फुटांच्या छतावर असा एक जादा थर म्हणजे जवळपास अडीचशे टन, आणि ते कुठल्याच हिशेबात नसतात.

पुढची पायरी लेझर स्कॅनची. कैच्या, म्हणजे छत पेलणारे लोखंडी सांगाडे, आज किती झुकल्यात ते मोजा आणि मूळ गणिताशी ताडून पाहा. फरक दिसला तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे हार्टफर्ड सिव्हिक सेंटरचं छत बर्फाच्या भाराखाली कोसळलं. त्याच्या काही तास आधी तिथे कनेटिकट विद्यापीठाचा सामना झाला होता. दाब सोसणाऱ्या वरच्या दांड्यांना बाजूचा आधार पुरेसा नव्हता. बांधकाम चालू असतानाच छत अपेक्षेच्या दुप्पट झुकलं होतं, पण तिकडे कुणी गांभीर्याने पाहिलं नाही. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनाचं छत वादळी पावसात पडलं. पाण्याचा निचरा मुद्दामच कमी ठेवलेला होता, त्यामुळे वर पाणी साचलं, आणि छत टांगून धरणारे बोल्ट वर्षानुवर्षांच्या हेलकाव्यांनी थकलेले होते. म्हणून टांगत्या छताचे बोल्ट काढून प्रयोगशाळेत तपासा, आणि पाणी जाणारी प्रत्येक नळी प्रत्यक्ष पाणी ओतून बघा.

आता नवा भार. विद्यापीठाला संगीताच्या कार्यक्रमांतून उत्पन्न हवं असेल तर मोठ्या दौऱ्यांचं सामान छताला टांगावं लागतं, ते सहज पन्नास टनांवर जातं. नवा स्कोअरबोर्ड वेगळा. कैच्यांना खालून पट्ट्या वेल्ड करून बळकटी देता येते, पण आधी लोखंडाचा तुकडा कापून त्यातलं कार्बनचं प्रमाण तपासा. १९६० च्या आधीच्या ए-७ जातीच्या लोखंडात कार्बनवर मर्यादाच नव्हती, आणि असं लोखंड वेल्डजवळ तडकू शकतं. तिथे बोल्टचा जोड द्यावा लागतो आणि खर्च वाढतो. छत आजच्या नियमांत धरलेला बर्फाचा भारच पेलत नसेल आणि बळकटीसाठी निम्म्याहून जास्त कैच्या हाताळाव्या लागत असतील, तर आमचं मत स्पष्ट आहे: त्या इमारतीवर पैसा घालू नका.

बाउल: खरा निकाल इथे लागतो

जुन्या अरीनात एका माणसाला १८ इंच रुंदी आणि ३२ इंच खोलीची पायरी मिळते. आजचा प्रेक्षक २० इंच रुंदी आणि ३६ इंच खोली मागतो. काँक्रीटची पायरी खेचून लांब होत नाही, म्हणून तिच्यावर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा नवा सांगाडा बसवतात. आणि नेमकी इथेच चूक होते.

खालच्या बाउलमधली एक रांग घ्या. पुढच्या माणसाचा डोळा कोर्टाच्या कडेपासून ६५ फूट आडवा आणि १० फूट उंच आहे, पायरीची चढण ८ इंच. मागच्या माणसाची नजर कोर्टाच्या कडेवर लावा. पायरी ३२ इंचांची असताना ती नजर पुढच्याच्या डोळ्यांवरून जवळपास ३ इंच वरून जाते. चढण तीच ठेवून पायरी ३६ इंचांची केली की हे अंतर सव्वादोन-अडीच इंचांच्या मध्ये येतं. किमान अडीच इंच हवेत. म्हणजे पाय मोकळे झाले, पण कोर्टाची कड दिसेनाशी झाली! बरोबर पद्धत अशी: उतार तोच ठेवा आणि नऊ रांगांच्या जागी आठ बसवा. चढण ९ इंच होते आणि नजर ३.३ इंच वरून जाते. मधल्या जिन्याची चढण मात्र कायद्याने साधारणपणे ८ इंचांपर्यंतच चालते. दृष्टिरेषेसाठी ९ पर्यंत सूट मिळते, त्यापुढे पायरीचे दोन भाग करावे लागतात. हे गणित प्रत्येक रांगेचं वेगळं करा. एक सरासरी काढून मोकळं होऊ नका.

आता आसनं मोजा. नऊच्या आठ रांगा आणि १८ चे २० इंच, मिळून बरोबर पाचवा हिस्सा गळतो. बारा हजारांचं अरीना नऊ हजार सहाशेंवर येतं. हे नुकसानच आहे असं समजू नका. गेल्या पाच हंगामांतली तिकीट-विक्री बाजूला ठेवा आणि दारावर स्कॅन झालेली तिकिटं काढा. दहा हजारांवर किती सामने गेले ते बघा. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९५२ चं वेल्श-रायन अरीना ११ कोटी डॉलर खर्चून आतून नवं केलं, तेव्हा आसनं ८,११७ वरून ७,०३९ वर आणली आणि आवाज घुमणारं, भरलेलं सभागृह मिळवलं. लॉस एंजेलिसच्या पॉली पॅव्हिलियनमध्ये (१९६५) प्रेक्षक कोर्टापासून फार लांब बसायचे. २०१२ मध्ये पुऱ्या झालेल्या कामात रांगा पुढे आणल्या. जुनं बाउल कोर्टाला चिकटून असेल तर ते सोनं आहे, जपा. नव्या अरीनात खासगी कक्षांसाठी वरच्या रांगा उंच आणि मागे ढकलल्या जातात, आणि ती जवळीक पुन्हा विकत मिळत नाही.

स्वच्छतागृहं, व्हीलचेअर, वावरायची जागा

नऊ हजार सहाशेंपैकी निम्म्या बायका धरा. आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे पहिल्या १,५२० जणींसाठी दर चाळीस जणींना एक आणि पुढे दर साठ जणींना एक शौचकूप, म्हणजे ३८ अधिक ५५, एकूण ९३. पुरुषांसाठी पहिल्या १,५०० ना पंचाहत्तरला एक, पुढे १२० ला एक, म्हणजे ४८. जुन्या इमारतीत बायकांसाठी याच्या निम्मीही सापडत नाहीत. खरी अडचण भांड्यांची नसून मैल्याच्या नळाच्या व्यासाची आणि उताराची असते. बाहेरची व्हरांडी बाउलच्या पोटातच अडकलेली असेल तर ही भर घालायला जागाच नसते. मग बाहेरून नवी भिंत काढून इमारत १५-२० फूट रुंदवावी लागते. प्लॉटची हद्द आणि जमिनीखालच्या वाफेच्या नळ्या तेव्हाच बघून घ्या.

व्हीलचेअरच्या जागा पाच हजार आसनांपर्यंत ३६ आणि पुढे दर दोनशेला एक, म्हणजे इथे ५९. प्रत्येकीशेजारी सोबत्याची एक खुर्ची. या जागा वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या दरांच्या भागांत पसरलेल्या हव्यात. सगळ्यात जास्त विसरली जाणारी अट अशी की जिथे प्रेक्षक उभे राहतात तिथे व्हीलचेअरवरच्या माणसाला उभ्या लोकांच्या डोक्यांवरून दिसलं पाहिजे. विद्यार्थ्यांच्या भागामागे चौथरा बऱ्यापैकी उंच लागतो, त्यात मागच्या रांगा जातात. शिवाय प्रेक्षकांच्या मुख्य भागात फेरबदल केला की दारापासून तिथपर्यंतची वाट, स्वच्छतागृह आणि पाण्याची सोयही अपंगांसाठी सुधारावी लागते. ही बंधनकारक भर मूळ कामाच्या २० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ती पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

भिंतींत आणि जमिनीत लपलेलं

ॲस्बेस्टॉस सगळेच शोधतात. तुम्ही आणखी दोन गोष्टी शोधा. १९५० ते १९७९ मधल्या इमारतींत काँक्रीटच्या सांध्यांत भरलेल्या पुट्टीत पीसीबी हे घातक रसायन असू शकतं. दशलक्षात पन्नास भाग किंवा जास्त निघालं तर विल्हेवाट वेगळ्या नियमांनी आणि महाग दराने होते. दुसरी म्हणजे १९६० नंतर सरावाच्या हॉलमध्ये ओतलेली रबरी पॉलियुरेथेनची जमीन. तिच्यात पारा असू शकतो आणि त्याची वाफ सुटत राहते. पाडायचं असो वा दुरुस्त करायचं, हा खर्च चुकत नाही. म्हणून तुलनेत तो दोन्ही बाजूंना मांडा.

वेळापत्रक

पुरुष आणि महिला संघांचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागतो आणि मार्चपर्यंत घरचे सामने चालतात. हातात सात महिने उरतात. त्यातला मे महिन्यातला पदवीदान समारंभ बहुतेक ठिकाणी अरीनातच होतो, आणि ऐन कामात दोन-तीन आठवडे जातात. इलिनॉय विद्यापीठाने १९६३ चं घुमटाकार असेंब्ली हॉल, आजचं स्टेट फार्म सेंटर, १७ कोटी डॉलर खर्चून २०१४ ते २०१६ मध्ये टप्प्याटप्प्याने केलं आणि हंगामात खेळ चालू ठेवला. ते जमलं कारण छत शाबूत होतं. छताखालचा भाग उघडायचा असेल तर हा मार्ग बंद. नॉर्थवेस्टर्नचा संघ २०१७-१८ चा हंगाम रोझमाँटच्या भाड्याच्या अरीनात खेळला. भाडं, बस आणि गळालेली तिकिटं या तिन्ही ओळी दुरुस्तीच्या खर्चात लिहा.

काम चालू असताना मॅपलच्या लाकडाचं कोर्ट जागेवर ठेवणं ही हमखास होणारी चूक. वातानुकूलन बंद पडलं की हवेतला ओलावा ३५ ते ५० टक्क्यांच्या बाहेर जातो आणि फळ्यांच्या कडा वर येतात. सुटे होणारे पॅनल असतील तर ते नियंत्रित गोदामात हलवा.

पैसा

दुरुस्तीचा खर्च भागिले नव्या इमारतीचा खर्च, आणि उत्तर साठ टक्क्यांच्या वर गेलं की पाडा, हा ठोकताळा सगळीकडे फिरतो. त्यावर एकट्यावर विसंबू नका. बहुतेक वेळा छेदात नुसतं बांधकाम असतं. जुनं पाडणं, विजेची आणि थंड पाण्याची नवी लाइन, पार्किंग आणि रस्ते बाहेर राहतात. व्हर्जिनिया विद्यापीठाचं नवं अरीना २००६ मध्ये उघडलं, पण जुना युनिव्हर्सिटी हॉल पाडला गेला २०१९ मध्ये. मधली तेरा वर्षं तो सांभाळायचा खर्चही कुणाला तरी करावाच लागला असणार.

उत्पन्नाची बाजूही तशीच तपासा. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाचं मूडी सेंटर २०२२ मध्ये उघडलं तेव्हा १९७७ चं अर्विन सेंटर निवृत्त झालं, आणि पैसा प्रामुख्याने खासगी चालक कंपनीकडून आला. तो आला कारण ऑस्टिनसारख्या शहरात वर्षभर कार्यक्रम भरतात. छोट्या गावातल्या विद्यापीठाने हे गणित तसंच्या तसं उचलू नये. देणगीदारांचे करारही वकिलाकडून वाचून घ्या. स्मिथ सेंटर खासगी देणग्यांवर उभं राहिलं आणि त्या बदल्यात चांगल्या आसनांचे हक्क दिले गेले, म्हणूनच विद्यार्थ्यांना कोर्टाजवळ आणणं तिथे इतकं किचकट झालं.

दोन्ही पर्यायांचा अंदाज एकाच अंदाजकाराकडून आणि कामाच्या मधल्या तारखेच्या भावाने घ्या. अनपेक्षित खर्चासाठी दुरुस्तीत १५ ते २० टक्के आणि नव्यात ५ ते १० टक्के राखा. आणि मंडळापुढे मतदानाला जाण्याआधी उन्हाळ्यातले तीन आठवडे ठेकेदाराला देऊन भिंती, छताखालचं आवरण आणि जमीन किमान दहा जागी फोडून बघा. प्रवेशाच्या बोगद्यांतल्या काँक्रीटचे गाभे (नळकांडीसारखे तुकडे) काढून त्यात क्लोराइड तपासा. हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ बुटांना लागून तिथेच उतरतं आणि आतली सळई सगळ्यात आधी तिथेच गंजते. त्या तीन आठवड्यांत जे निघेल ते दोन्ही अंदाजांत घाला, आणि मगच आर्किटेक्टला चित्र काढायला सांगा.