टोयोटा आणि होंडा: हायब्रीडमागचं इंजिनिअरिंग कसं तोलायचं

दोन कंपन्यांच्या गाड्यांची तुलना करायची म्हटलं की आपण आधी ब्रोशर उघडतो. पण सनरूफ, कॅमेरे, स्क्रीन हे सगळं बाहेरच्या पुरवठादाराकडून विकत घेता येतं. त्यातून त्या कंपनीच्या इंजिनिअरांचं डोकं दिसत नाही. ते पाहायचं असेल तर दोघींनाही सोडवावा लागलेला एकच प्रश्न निवडा. टोयोटा आणि होंडाच्या बाबतीत तो प्रश्न म्हणजे हायब्रीड: गर्दीत, चढाला, सिग्नलला वाया जाणारं पेट्रोल मोटरच्या मदतीनं कसं वाचवायचं.

गाड्याही एका तोलाच्या घ्या. टोयोटा हायरायडरची स्ट्राँग हायब्रीड (जी काही अंतर निव्वळ मोटरवरही चालते) आणि होंडा सिटी ई-एचईव्ही, दोन्हींत १.५ लिटरचं ॲटकिन्सन सायकलचं, म्हणजे थोडी ताकद सोडून पेट्रोल वाचवणारं इंजिन आहे. हायरायडरचं तीन सिलिंडरचं, सिटीचं चार सिलिंडरचं. माइल्ड हायब्रीड या तुलनेत आणू नका, तिथे मोटर फक्त हातभार लावते.

आधी कागदावर ताकदीची वाट काढा

इंजिन, दोन मोटर (त्यातली एक मुख्यतः वीज बनवणारा जनरेटर), बॅटरी आणि चाकं अशा पाच चौकटी काढा आणि ताकद कुठून कुठे जाते त्याचे बाण काढा. निम्मी तुलना इथेच होते. दोन्ही कंपन्या आपल्या गिअरबॉक्सला ई-सीव्हीटी म्हणतात, पण दोन्हींत नेहमीच्या सीव्हीटीचा, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यानं काम करणाऱ्या गिअरबॉक्सचा, पट्टा नाही आणि आतली रचना पूर्ण वेगळी आहे.

टोयोटाकडे इंजिन, जनरेटर आणि चाकं एकाच प्लॅनेटरी गिअरला कायमची जोडलेली असतात: मधे सन गिअर, बाहेर रिंग आणि दोन्हींमधले छोटे गिअर धरून ठेवणारा कॅरियर. प्रियस या टोयोटाच्या हायब्रीड गाडीच्या दुसऱ्या पिढीत सन गिअरला ३० दाते आहेत आणि बाहेरच्या रिंगला ७८. इंजिन कॅरियरवर, जनरेटर सनवर, चाकं आणि मोठी मोटर रिंगवर. त्यामुळे इंजिनाच्या टॉर्कपैकी, म्हणजे फिरवण्याच्या जोरापैकी, ७८/१०८, म्हणजे सुमारे ७२ टक्के थेट चाकांकडे जातो आणि २८ टक्के जनरेटरकडे. हे प्रमाण दात्यांनीच ठरवलेलं आहे, सॉफ्टवेअर ते बदलू शकत नाही.

वेगाचं गणितही करून बघा: जनरेटरचे आरपीएम = ३.६ × इंजिनाचे − २.६ × रिंगचे. गाडी उभी असताना रिंग शून्यावर असते. इंजिन १,५०० वर फिरलं तर जनरेटर ५,४०० वर जातो. पहिल्या प्रियसच्या जनरेटरची मर्यादा ६,५०० होती, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन साधारण १,८०० च्या वर नेताच येत नव्हतं. दुसऱ्या पिढीत ती मर्यादा १०,००० झाली आणि इंजिनाला जवळपास २,७८० पर्यंत मोकळीक मिळाली. गिअर तेच ठेवून फक्त जनरेटरचा रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, जास्त वेगाला टिकेल असा बनवला. टोयोटाची नवनिर्मिती बहुतेक अशीच असते, १९९७ ची एक कल्पना पिढ्यान्‌पिढ्या घासून लख्ख करत नेलेली.

होंडाची वाट निराळी. १९९९ च्या इनसाइट या तिच्या हायब्रीडमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे एक पातळ मोटर बसवली होती. हलकी, सोपी रचना, पण इंजिनापासून मोटर सुटत नसल्यामुळे निव्वळ विजेवर चालायला फार वाव नव्हता. २०१३ च्या अकॉर्डपासून होंडानं ती मोडीत काढून दोन मोटरची पद्धत आणली. शहरात इंजिन फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटर ओढते. हायवेला लॉक-अप क्लच लागतो आणि इंजिन एकाच ठरावीक गिअरनं थेट चाकांना जोडलं जातं. स्वतःचीच पद्धत टाकून देण्याची ही तयारी, माझ्या मते, घासत राहण्याइतकीच मोलाची आहे.

आकडे वाचताना होणारी चूक

सिटीची मोटर १०९ पीएस आणि २५३ न्यूटन-मीटरची. हायरायडरची ८० पीएस आणि १४१ न्यूटन-मीटरची. यावरून होंडा पुढे असं म्हणणं चुकीचं. होंडात शहरी वेगाला सगळा भार मोटरवर असतो, म्हणून ती मोठी लागतेच. टोयोटात इंजिनाचा वाटा गिअरमधून सोबत येत असतो. होंडाला मात्र किंमत वेगळीकडे मोजावी लागते. इंजिनाची वीज करायची आणि पुन्हा विजेची गती: प्रत्येक टप्प्याला ५ टक्के गळती धरली तरी ०.९५ × ०.९५ म्हणजे ९० टक्केच हाती येतं. म्हणून तर हायवेसाठी तो क्लच आहे.

पेटंटही मोजत बसू नका. टोयोटानं २०१९ मध्ये जवळपास २४ हजार पेटंटं २०३० च्या अखेरपर्यंत विनामूल्य वापरायला खुली केली. कागदांच्या संख्येपेक्षा रस्त्यावर काय उतरलं ते बघा.

टेस्ट ड्राइव्हला काय तपासायचं

इंजिन थंड असताना काही ठरवू नका. एक्झॉस्टमधलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवायला पहिली काही मिनिटं ते फिरतंच. दहा मिनिटांनंतर, दोन्ही गाड्यांत एसी २४ अंशावर ठेवून, स्क्रीनवर ताकदीचा प्रवाह लावा. ८० च्या स्थिर वेगाला सिटीत इंजिनाचा बाण थेट चाकांकडे कधी जातो ते पाहा, आणि किंचित ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्लच कधी सुटतो तेही. हायरायडरमध्ये असा ठळक क्षण सापडणार नाही.

बोरघाटाचा उतार ही सगळ्यात बोलकी परीक्षा. खंडाळ्याहून खोपोलीकडे साधारण ५०० मीटर खाली येताना १,४०० किलोच्या गाडीत सुमारे १.९ युनिट ऊर्जा असते. हायरायडरची बॅटरी फक्त ०.७६ युनिटची, तीही निम्मी भरलेली. वाऱ्यात आणि टायरमध्ये बरीच ऊर्जा गेली तरी घाट संपायच्या आत बॅटरी भरते. मग मोटर इंजिनाला पेट्रोलशिवाय फिरवून ब्रेकचं काम करून घेते आणि मोठा आवाज येतो. हा बिघाड नाही, सिटीतही असंच होतं. हायरायडरमध्ये बी मोड आणि सिटीत स्टिअरिंगमागचे पॅडल (दोन्ही ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी जास्त आवरण्यासाठी) वापरून कोणती गाडी वेग जास्त समजुतीनं आवरते ते बघा.

ॲव्हरेज मोजायचं तर पंपाचा पहिला ऑटो-कट धरा, किमान ३०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा भरा. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. कंपन्या सांगतात त्या हायरायडरच्या सुमारे २८ आणि सिटीच्या सुमारे २७ किलोमीटर प्रति लिटरमधला फरक १,००० किलोमीटरला जेमतेम १.३ लिटरचा आहे. तेवढा तर तुमचा पायच कमी-जास्त करतो.

शेवटी गाडीची जागा बघा. साध्या सिटीची डिक्की ५०६ लिटरची, हायब्रीड सिटीची ३०६. मधले २०० लिटर बॅटरीनं घेतले. टोयोटाच्या बऱ्याच हायब्रीडमध्ये बॅटरीच्या पंख्याची जाळी मागच्या सीटजवळ असते. तिथे पिशव्या टेकवल्या किंवा धूळ साठली तर पंखा मोठ्यानं फिरतो, बॅटरी तापते आणि गाडी ताकद कमी देते. जुनी गाडी बघायला गेलात तर बॉनेटच्या आधी ती जाळी बोटानं पुसून पाहा. नारिंगी आवरणाच्या केबलला मात्र हात लावू नका, त्यातून जीवघेण्या दाबाची वीज जाते.