दोन लघुपटांच्या मधली वर्षं

नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीपायी आम्ही पुण्याहून मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात आलो, तेव्हा मला स्पॅनिशचा गंधही नव्हता. शिकवणी लावली. आठवड्यातून दोनदा एक तिशीतली बाई संध्याकाळी घरी यायची, क्रियापदं घोकून घ्यायची आणि चहा पिऊन जायची. तिसऱ्या महिन्यात मी अडखळत विचारलं, तू मूळची काय काम करतेस? म्हणाली, "मी कोर्तो करते." कोर्तो म्हणजे कोर्तोमेत्राहे, लघुपट. त्या संध्याकाळी तिने मोबाइलवर स्वतःचा नऊ मिनिटांचा लघुपट दाखवला. त्याला बक्षीस मिळून तेव्हा तीन वर्षं झाली होती.

बक्षीस मिळालेली दिग्दर्शिका मला 'मी आहे, तू आहेस' शिकवायला बस बदलून येते, याचं मला फार वाईट वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. नंतर मी तिच्या सेटवर काम केलं, तिच्या फिल्मची इंग्रजी सबटायटल्स केली, तिचे अर्ज लिहिताना शेजारी बसले. आता पुण्या-कोल्हापूरकडची मुलंमुली मला विचारतात, की लघुपट करायचाय, कॅमेरा कुठला घेऊ, खर्च किती येईल? सगळे प्रश्न पहिल्या फिल्मचे असतात. पहिली फिल्म संपल्यावर दुसरी सुरू होईपर्यंत काय करायचं, हे कोणी विचारत नाही. करिअर टिकतं किंवा मोडतं ते नेमकं तिथे. म्हणून मैत्रिणीची गोष्ट त्या बाजूने सांगते.

ती हालिस्को राज्यातल्या एका छोट्या गावची. वडिलांचं तोर्तियाचं, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्यांचं, दुकान. मक्याचं पीठ, गरम यंत्र, पहाटेपासून रांग. सरकारी विद्यापीठात शिकायला ती ग्वादालाहाराला आली आणि पदवीच्या शेवटच्या वर्षी वर्गातल्या पाच जणांना घेऊन तो नऊ मिनिटांचा लघुपट केला. बक्षीस मिळालं, फोटो छापून आला. "मला वाटलं, आता फोन वाजेल," ती सांगते. फोन वाजला नाही. कोणी वाईट वागलं म्हणून नव्हे. लघुपटाच्या बक्षिसानंतर फोन वाजायची पद्धतच नाही. पुढचा कोर्तो व्हायला पाच वर्षं लागली.

त्या पाच वर्षांत तिने शनिवार-रविवारी किन्सेआनेराचे व्हिडिओ केले. मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की मेक्सिकोत लग्नासारखा सोहळा करतात, झगा, चर्च, वडिलांबरोबर नाच. आपल्याकडच्या लग्नाच्या शूटिंगसारखंच हे काम, आणि त्यात पुन्हा घ्यायची सोय नसते. बाप रडतो तो एकदाच रडतो. कॅमेरा कुठे उभा करायचा, माणूस कोसळण्याआधी त्याचा चेहरा कसा होतो, हे ती तिथे शिकली. त्याशिवाय मुलांसाठी अ‍ॅनिमेशनच्या कार्यशाळा, स्पॅनिशच्या शिकवण्या, आणि दुसऱ्यांच्या सेटवर कंटिन्युइटी. म्हणजे मागच्या शॉटमध्ये पात्राने कप कुठल्या हातात धरला होता, केसांची बट कुठे होती, याची नोंद ठेवायची. नवख्या माणसाने दिग्दर्शन शिकायला याहून चांगली जागा नाही असं माझं ठाम मत आहे. संपूर्ण फिल्म तुकड्यांतून कशी जुळते हे सेटवर दोनच माणसांना माहीत असतं, दिग्दर्शकाला आणि कंटिन्युइटीवाल्या बाईला.

मेक्सिकोत ही वाट जुनी आहे. मातिल्दे लांदेता यांनी 1930 च्या दशकापासून वर्षानुवर्षं कंटिन्युइटी सांभाळली, मग झगडून सहायक दिग्दर्शक झाल्या, आणि 1948 ते 1951 च्या दरम्यान तीन चित्रपट केले. चौथा व्हायला चार दशकं गेली. ही दरी त्यांच्या कुवतीमुळे पडली नव्हती, दारं बंद होती. पुढे 1963 मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाची चित्रपटशाळा निघाली, 1975 मध्ये सेसेसे या नावाने ओळखली जाणारी दुसरी, आणि त्याच सुमारास बायकांनी मिळून 'सिने मुहेर' नावाचा गट काढून घरकाम, गर्भपात, बलात्कार अशा विषयांवर लघुपट केले. समाजशास्त्र शिकलेली मारिया नोव्हारो त्या गटातून आली. 80 च्या दशकात लघुपट, 1989 मध्ये पहिला मोठा चित्रपट, आणि पुढे इमसिने या सरकारी चित्रपट संस्थेची ती प्रमुख झाली.

एलिसा मिलेरचं उदाहरण मी मुद्दाम देते. सेसेसेमध्ये शिकत असताना केलेल्या तिच्या 'व्हेर योव्हेर' या लघुपटाला 2007 मध्ये कान महोत्सवात लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक, पाल्म दोर, मिळालं. वय पंचविशीच्या आसपास. याहून मोठी सुरुवात कुठली असणार? तरी पहिला मोठा चित्रपट यायला 2010 उजाडलं, दुसऱ्याला 2015.

आणि फेर्नांदा व्हालादेसचं उदाहरण तर माझ्या मैत्रिणीने भिंतीवर लिहून लावण्यासारखं जपलंय. 2014 मधला तिचा लघुपट '400 मालेतास', म्हणजे चारशे बॅगा, हरवलेल्या मुलाला शोधणाऱ्या आईचा. तोच विषय वाढवून केलेला मोठा चित्रपट 2020 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाला गेला आणि प्रेक्षक पुरस्कार घेऊन आला. मधल्या सहा वर्षांत ती काय करत होती? इतर कामांबरोबर आस्त्रिद रोन्देरो या मैत्रिणीच्या पहिल्या चित्रपटाची निर्माती होती. मग आस्त्रिदने फेर्नांदाच्या चित्रपटाचं लेखन तिच्याबरोबर केलं. 2024 मध्ये दोघींनी मिळून दिग्दर्शित केलेल्या 'सुहो'ला सनडान्समध्येच परदेशी कथापटांचं सर्वात मोठं बक्षीस मिळालं. दोघी एकमेकींच्या मधल्या वर्षांना पुरल्या. कामातला जोडीदार शोधताना माझ्या मते एवढं एकच बघावं, की तुमची फिल्म चालू नसताना हे माणूस तुमच्याबरोबर असेल का.

ओआहाका राज्यातल्या मिश्तेक या मूळ रहिवासी समाजातली आन्हेलेस क्रूस मूळची अभिनेत्री. 2012, 2014 आणि 2018 मध्ये तीन लघुपट, मग 2021 मध्ये मोठा चित्रपट, तोही मिश्तेक मुलखातल्या गावात घडणारा. मधल्या वर्षांत अभिनय चालूच. लघुपट ही मोठ्या चित्रपटाची पायरी असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. तिचे लघुपट स्वतःच्या पायावर उभे आहेत.

आता आमच्या सेटबद्दल. ग्वादालाहारा हे मेक्सिकोतलं स्टॉप मोशनचं, म्हणजे बाहुल्या जराजरा हलवत एकेक फोटो काढून केलेल्या अ‍ॅनिमेशनचं, घर. प्रसिद्ध दिग्दर्शक गिल्येर्मो देल तोरो इथलेच, त्यांच्या 'पिनोकियो'चा काही भागही याच शहरात चित्रित झाला. मैत्रिणीचा दुसरा कोर्तो बाहुल्यांचा होता, तव्यावरून तोर्तिया उचलणाऱ्या आजीचा. मला हाताने बारीक टाके घालता येतात हे कळल्यावर तिने मला आजीचा रेबोसो, म्हणजे ओढून घ्यायची शाल, शिवायला दिला. बाहुली वीतभर, शाल अकरा सेंटिमीटर. मी मऊ सुती कापडाची सुंदर शाल शिवून नेली. तिने ती बाहुलीच्या खांद्यावर ठेवली, बोटाने जरा हलवली आणि म्हणाली, "सुंदर आहे, पण ही जिवंत आहे गं." मला कळेना. मग तिने दाखवलं. बाहुलीचा हात केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस फ्रेम. एक पोझ दोन फ्रेम धरली तरी बारा पोझ. दर वेळी हात लागला की मोकळं कापड स्वतःच्या मर्जीने हलतं आणि पडद्यावर ते शहारल्यासारखं दिसतं. मी शाल उसवली, काठात बारीक तांब्याची तार ओवली, आतून पातळ गोंद दिला. आता ती ठेवू तिथेच राहायची.

दिवसाला तीन-चार सेकंद व्हायचे. आजी तोर्तिया उचलते तो शॉट सहा सेकंदांचा. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रकाश देणाऱ्या मुलाची मांडी टेबलाला लागली. तवा, चूल, आजी, सगळं दोन मिलिमीटर सरकलं. खोलीत कोणी श्वास घेईना. मैत्रिणीने पडद्यावर आधीची फ्रेम आणि आताची एकावर एक ठेवून पाहिली, दिवे बंद केले आणि म्हणाली, चला, जेवून येऊ. कोपऱ्यावर आम्ही तोर्ता आओगादा खाल्लं, तिखट रश्शात बुडवलेला मांसाचा पाव, कोल्हापूरकरांना नक्की आवडेल असा. परत येऊन तिने टेबलाचे पाय जमिनीला स्क्रूने आवळले आणि पहिल्या फ्रेमपासून सुरुवात केली. त्या मुलाला एक शब्द बोलली नाही. तो मुलगा आजही तिच्याबरोबर काम करतो.

पैशांचं सांगते. मेक्सिकोत लघुपटाला सरकारी मदत मिळू शकते, इमसिनेच्या स्पर्धांतून. अर्जाला कार्पेता म्हणतात, म्हणजे फाइल. एका वाक्यातली गोष्ट, सारांश, पटकथा, दिग्दर्शिकेचं मनोगत, अंदाजपत्रक, वेळापत्रक, आणि पटकथेची हक्क-नोंदणी. मैत्रिणीचा अर्ज दोनदा नाकारला गेला. तिसऱ्यांदा तिने पटकथेतला एक शब्द बदलला नाही, मनोगत मात्र पुन्हा लिहिलं. आधीच्यात 'स्त्रीच्या मूक श्रमांचा शोध' वगैरे होतं. नव्यात तिने लिहिलं की वडिलांच्या दुकानात यंत्र आल्यावर आजीने पंधरा दिवस घरात हाताने तोर्तिया थापणं सोडलं नाही, आणि त्या कोणी खाल्ल्या नाहीत. तो अर्ज मंजूर झाला. तुमचं मनोगत लिहाल तेव्हा असं काहीतरी लिहा, जे दुसऱ्या कोणालाही लिहिता येणार नाही.

सरकारी मदतीवर संसार मात्र उभा करू नका. 2020 मध्ये इथल्या सरकारने अनेक विश्वस्त निधी बंद केले, त्यात चित्रपटांचा फिदेसिनेही गेला. नवी योजना आली, पण मधल्या काळात कितीतरी जणी अधांतरी लटकल्या. आणि खासगी काम घ्याल तर लेखी करार केल्याशिवाय कॅमेरा पिशवीतून काढू नका. एका जाहिरात कंपनीने मैत्रिणीचे पैसे सात महिने अडकवले होते, करार व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'हो'वर झाला होता.

लांबीचा विचार पटकथा लिहितानाच करा. कानच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा 15 मिनिटं, ऑस्करची 40. पण महोत्सवात एका खेळात सहा-सात फिल्म बसवायच्या असतात, तिथे दहा मिनिटांच्या फिल्मला जागा मिळते आणि सत्तावीस मिनिटांच्या चांगल्या फिल्मलाही मिळत नाही. मेक्सिकोत मोरेलिया, ग्वानाहुआतो, ग्वादालाहारा हे मोठे महोत्सव. काही ठिकाणी पहिला खेळ आमच्याकडेच हवा अशी अट असते, म्हणून नियम वाचूनच आधी कुठे पाठवायची ते ठरवा, आणि नेटवर तर घाईने टाकूच नका. प्रवेश फीसाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम ठेवा. शूटिंगमध्ये सगळे पैसे संपवून तयार फिल्म हार्डडिस्कमध्ये पडून राहिलेली मी पाहिली आहे, फार जीव तुटतो.

आजीचा कोर्तो सात मिनिटांचा झाला. आतापर्यंत अकरा महोत्सवांत लागला. मैत्रिणीच्या वडिलांनी तो गावच्या चौकात पांढऱ्या चादरीवर दाखवला, आणि दुकान त्या संध्याकाळी बंद ठेवलं.

सध्या ती शनिवारी किन्सेआनेरा करते, मंगळवार-गुरुवार कार्यशाळा घेते, आणि पहाटे पाच ते सात तिसरी पटकथा लिहिते. यात बाजारातल्या तीन बहिणी आहेत. परवा तिने मला मापं पाठवली, तीन शाली, साडेदहा सेंटिमीटर, एक जुनी दिसायला हवी. मी आईची जुनी सुती साडी पुण्याहून मागवली आहे. तार घरात आहेच.