योगवर्ग सुरू, तरी वजनाचा काटा हलेना? या चुका टाळा

शवासनातून उठल्या उठल्या आमच्या वर्गातल्या अर्ध्याजणी आधी मनगटाकडे बघतात. परवा एका काकूंच्या घड्याळाने तासाभराच्या 412 कॅलरी दाखवल्या. काकू खूश! "मॅडम, आज चालतंय," म्हणत जाता जाता कोपऱ्यावरच्या गाडीवर गरम वडापाव झाला. आणि तीन महिने झाले तरी काटा जागचा हलत नाही, ही तक्रारही त्यांचीच.

घड्याळाच्या आकड्यावर विसंबणं, ही पहिली चूक. घड्याळ मुख्यतः नाडीच्या ठोक्यांवरून अंदाज बांधतं, आणि ठोके उकाड्याने वाढतात, श्वास कोंडल्यानेही वाढतात. त्यापेक्षा साधा हिशेब करा. नुसतं बसून राहिलं तरी शरीर दर किलोमागे तासाला साधारण 1 कॅलरी खर्च करतं. संथ आसनांच्या वर्गात हा खर्च अडीचपट होतो. म्हणजे 60 किलोच्या माणसाचे तासाला 150, आणि त्यातले 60 घरी बसूनही गेलेच असते. वरकड उरले 90. वडापावात अडीचशे-तीनशे सहज असतात. सूर्यनमस्कारांचा आकडा तीनपटीच्या थोडा वर, झपझप चालण्याचा चौपटीच्या वर. घामावर तर जाऊच नका. ते पाणी आहे, दोन पेले प्यायलात की परत आलं.

म्हणून योग सुरू केला की चालणं सोडायचं, ही दुसरी चूक. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि मध्यम श्रम मोजतात ते तीनपटीपासून पुढे. संथ आसनं त्यात बसत नाहीत. वजन उतरवायचंय? ताट आणि चालणं बघा.

पण मला खरी चिंता तिसऱ्या चुकीची वाटते. कॅलरी जळाव्यात म्हणून लोक योगाची कवायत करतात. पश्चिमोत्तानासनच घ्या. पाय पसरले, झटका दिला, बोटं अंगठ्याला टेकवली, झालं! प्रत्यक्षात कंबर वाकलेलीच नसते, पाठीची नुसती कमान झालेली असते, आणि दुसऱ्या दिवशी माकडहाडाच्या वर कळ. हे दुरुस्त करणं सोपं आहे. चादरीची जाड घडी करून तिच्या काठावर बसा, म्हणजे कंबर पुढे झुकते. गुडघे जरासे सैल सोडा. तळव्यांभोवती जुनी ओढणी टाकून तिची टोकं धरा. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पट्टे आणि ठोकळे शिकवण्यात आणले ते यासाठीच, त्यात कमीपणा कसला? श्वास अडकायला लागला की दोन बोटं मागे या.

असं केलं की योग जे देतो ते मिळतं. जुनाट कंबरदुखीसाठी अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2017 साली गोळ्यांच्या आधी करून बघण्याच्या उपायांत योगाचं नाव घेतलं. तोल सुधारतो, अनेकांची झोप सुधारते, रक्तदाबही थोडा उतरू शकतो. 'थोडा' हा शब्द लक्षात ठेवा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाब चढा असेल तर भरभर कपालभाती आणि श्वास कोंडून धरणं नको. काचबिंदू असेल तर शीर्षासन, सर्वांगासन नको. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून खोल वाकणंही नको.

आणि मोजायची हौस असेलच, तर भिंतीशेजारी एका पायावर उभे राहून सेकंद मोजा. काकू सातावर डगमगायच्या, आता वीसपर्यंत जातात. वडापाव मात्र अजून सुटलेला नाही.