या चुका टाळा: विज्ञान शिक्षकाला आधार देताना शाळा कुठे चुकतात?

विज्ञान शिक्षकाला मदत करायची असे शाळेने ठरवले की साधारणपणे तीन गोष्टी होतात: साहित्याची खरेदी होते, एखादे प्रशिक्षण लागते आणि वर्षाकाठी एखादे व्याख्यान ठेवले जाते. यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही. मात्र त्या सगळ्या करूनही प्रयोगशाळा बंदच राहते, प्रयोग फळ्यावर आकृती काढून उरकले जातात आणि शिक्षक होता तितकाच थकलेला दिसतो. याचे कारण असे की शिक्षकाला सर्वाधिक निकड असते ती तयारीच्या वेळेची, आणि प्रयोगात काही फुटले वा बिघडले तरी आपल्यावर बालंट येणार नाही या खात्रीची. नेमक्या याच दोन गोष्टी खरेदीच्या यादीत बसत नाहीत. पुढील विवेचन महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि संस्थाचालक यांच्यासाठी आहे.

प्रयोगशाळेच्या कुलपाला शिक्षकाचा आळस समजणे

प्रयोगशाळा आठवडेच्या आठवडे उघडत नाही असे दिसले की मुख्याध्यापक सहसा सूचनावहीत ताकीद काढतात. ताकीद मिळालेला शिक्षक दोन दिवस कुलूप काढतो, काचेची भांडी टेबलावर मांडतो आणि तिसऱ्या दिवशी सारे पूर्ववत होते. ताकीद देण्याआधी कुलपाची कारणे शोधली, तर ती बहुधा चार निघतात आणि चारही शिक्षकाच्या हाताबाहेरची असतात.

पहिले कारण डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या साहित्याची नोंदवही. परीक्षानळी किंवा चंचुपात्र फुटले की त्याची नोंद कशी करायची, निर्लेखनाचा (वस्तू नोंदवहीतून वजा करण्याचा) ठराव कोण मांडणार आणि तोवर वस्तू कोणाच्या नावावर राहणार, हे अनेक शाळांत स्पष्ट नसते. साहित्याचा पदभार ज्याच्याकडे आहे तो शिक्षक मग साहजिकच ते मुलांच्या हाती देत नाही, कारण कपाटातली वस्तू कधी फुटत नाही. यावर उपाय अगदी सोपा आहे आणि त्याला पैसाही लागत नाही. काचसामान व रसायने यांची नोंद टिकाऊ उपकरणांपासून वेगळ्या वहीत ठेवावी, वर्षभरात काही काचसामान फुटणारच हे गृहीत धरून तेवढी मर्यादा जूनमध्येच लेखी मान्य करावी आणि निर्लेखन दरवर्षी ठरलेल्या महिन्यात पूर्ण करावे.

दुसरे कारण अपघाताची भीती. एखाद्या मुलाच्या हातावर आम्ल उडाले तर पालकांसमोर आपल्याला एकट्यालाच उभे राहावे लागेल, असे शिक्षकाला वाटत असेल तर तो प्रयोग टाळणारच. त्याच्या जागी असलेला कोणीही तेच करील. म्हणून प्रयोगशाळेची कार्यपद्धती मुख्याध्यापकाच्या सहीने भिंतीवर लावलेली असावी. आम्ल विरल करताना पाण्यात आम्ल थोडे थोडे ओतायचे, आम्लात पाणी कधीही ओतायचे नाही. डोळ्यांत रसायन गेल्यास वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळे धुवायचे आणि लगेच दवाखाना गाठायचा. स्पिरिटचा दिवा पेटता असताना त्यात स्पिरिट भरायचे नाही. वाळूची बादली दाराजवळच ठेवायची. अशा पाच-सात नियमांची एक प्रत वर्षाच्या आरंभी पालकांनाही द्यावी. जबाबदारी लेखी वाटून घेतली गेली की शिक्षकाच्या मनावरचे ओझे किती उतरते, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येत नाही.

तिसरे कारण वेळापत्रक. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुलांना वर्गातून प्रयोगशाळेत नेणे, गट पाडणे, प्रयोग करवून घेणे, भांडी धुऊन ठेवणे आणि पुढच्या तासाला दुसऱ्या वर्गावर वेळेवर पोहोचणे केवळ अशक्य आहे. जोडतासिका (सलग दोन तासिका) हवी, अर्ध्या वर्गाला त्याच वेळी दुसरा विषय हवा आणि प्रयोगाआधीची किंवा नंतरची एक तासिका मोकळी हवी. ही मोकळी तासिका बदली तासासाठी वापरली जाते, ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. रजेवरील शिक्षकाचा तास कोणाला द्यायचा असा प्रश्न आला की ज्याची तासिका रिकामी दिसते त्याला बोलावले जाते. परंतु ती तासिका रिकामी नसून द्रावणे तयार करण्यासाठी राखलेली असते. वेळापत्रकात तेथे ‘प्रयोगपूर्व तयारी’ असे स्पष्ट लिहिले, तर निम्मा घोटाळा तिथेच थांबतो.

चौथे कारण प्रयोगशाळा सहायक किंवा परिचर नसणे. पद रिक्त असेल तर त्याचे काम आपोआप विज्ञान शिक्षकावर येते, आणि ते काम म्हणून कोठेही मोजले जात नाही. पद भरणे शाळेच्या हाती नसले, तरी सहायकाविना चालणाऱ्या प्रयोगशाळेत तेवढेच प्रयोग तेवढ्याच वेळात व्हावेत, ही अपेक्षा कमी करणे नक्कीच तिच्या हाती आहे.

न विचारता केलेली खरेदी

अनुदान मार्चअखेर संपवायचे म्हणून घाईने मागवलेले साहित्य परीक्षांच्या गडबडीत येते, खोक्यांतच राहते आणि जूनमध्ये उघडल्यावर व्होल्टमीटरचा काटा अडकलेला आढळतो. खरेदीची यादी विज्ञान शिक्षकानेच आणि पाठ्यपुस्तकातील प्रयोग समोर ठेवून करावी. नववीच्या धाराविद्युत या पाठासाठी चालू स्थितीतील अमीटर, व्होल्टमीटर, सेल व जोडतारा यांचे आठ संच असणे हे एका झगझगीत प्रतिकृतीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहे.

जुन्या वस्तू काढून टाकण्याकडे तर बहुतेकांचे दुर्लक्षच होते. लेबल गळून पडलेल्या बाटल्या, पाऱ्याचे तापमापी, फॉर्मॅलिनमधील वर्षानुवर्षांचे नमुने हे सारे त्याच खोलीत असते जिथे शिक्षक दिवसाचे कित्येक तास घालवतो. पारा सांडल्यास झाडूने लोटू नये, कारण त्याचे बारीक थेंब खोलीभर पसरतात. पाऱ्याऐवजी अल्कोहोलचे तापमापी वापरले तर प्रश्नच उरत नाही. अमोनियम डायक्रोमेट पेटवून ‘ज्वालामुखी’ दाखवण्याची प्रथा विज्ञान प्रदर्शनांतून आता तरी थांबावी, कारण त्यातील षट्‌संयुजी क्रोमियमची संयुगे कर्करोगकारक आहेत. परीक्षकांनी अशा प्रयोगाला बक्षीस देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्वस्त साहित्याचा पर्याय आपल्याकडे दीर्घकाळापासून उपलब्ध आहे. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ यांपासून केलेली विज्ञान खेळणी पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून सर्वदूर पोहोचली. आम्ल-आम्लारी शिकवण्यासाठी हळद आणि जास्वंद पुरते. मात्र येथेही एक चूक संभवते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे ब्रीद पुढे करून शाळेने खर्चातून अंग काढून घेऊ नये. जे साहित्य शाळेने द्यायला हवे ते शिक्षकाने स्वतःच्या पगारातून आणण्याची पद्धत कौतुकाच्या शब्दांखाली झाकली जाते.

प्रशिक्षण झाले, वर्ग होता तसाच

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा मांडली आहे. तास मोजणे सोपे असल्यामुळे तासच मोजले जातात. बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि निवड वेतनश्रेणीसाठी आवश्यक असलेली प्रशिक्षणेही पुष्कळदा प्रमाणपत्रापुरती उरतात, कारण त्यांत वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नववीला विद्युतरोध शिकवताना नेमका कुठे अडतो, हा प्रश्न विचारायला जागा नसते. विज्ञान शिक्षकाची खरी अडचण बहुतेक वेळा अध्यापनपद्धतीची नसून आशयाची असते. ती सर्वांसमोर कबूल करणे त्याला अवघड जाते, आणि समोर अधिकारी बसलेले असतील तर अशक्यच होते.

या बाबतीत होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा अभ्यास आजही उपयोगी पडेल. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ शाळांपासून सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे शेकडो शाळांत पोहोचला. १९८२ पासून त्याची धुरा एकलव्य या संस्थेने वाहिली आणि २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला. त्यात प्रयोगांचा संच, पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि शिक्षक प्रशिक्षण एकमेकांशी जोडलेले होते. उन्हाळ्यातील प्रशिक्षणानंतर शिक्षकाला वाऱ्यावर सोडले जात नसे. आसपासच्या शाळांसाठीच्या संगम केंद्रावर मासिक बैठक होई, पुढच्या महिन्याचे प्रयोग शिक्षक स्वतः करून पाहत आणि कोणता प्रयोग फसला हे मोकळेपणाने सांगत. महाराष्ट्रात केंद्र (शाळांचा समूह) पातळीवर शिक्षण परिषदा होतात, त्यांचे बाह्यरूप याच्या जवळचे आहे. परंतु त्यांतला वेळ परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते यांतच जातो. माध्यमिक विज्ञान शिक्षकांसाठी शेजारच्या चार-पाच शाळांनी मिळून दोन महिन्यांतून एकदा, शनिवारच्या शालेय वेळेत, एकाच पाठावर एकत्र बसावे. अध्यक्षस्थान, हारतुरे आणि अहवाल यांना तेथे फाटा द्यावा. आशयाच्या शंकांसाठी मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि चुनाभट्टीची मराठी विज्ञान परिषद यांच्याकडील साहित्य हाताशी ठेवावे.

पाठ निरीक्षणाच्या बाबतीतही हेच पथ्य पाळावे. जे निरीक्षण गोपनीय अहवालात जाणार आहे, त्यात शिक्षक आपला सर्वांत पाठ झालेला पाठ दाखवतो. शिकण्यासाठीचे निरीक्षण सहकाऱ्याने करावे आणि त्याची टिपणे दोघांच्या बाहेर जाऊ देऊ नयेत.

तणावमुक्तीचे व्याख्यान

शाळा सुटल्यावर शनिवारी दुपारी शिक्षकांना थांबवून ताण कसा घालवावा हे सांगणे, हा ताण वाढवण्याचाच एक मार्ग आहे. आधी कामांची यादी पाहावी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांसाठी शिक्षकांना नेमता येत नाही. परंतु ‘माहिती तातडीने भरा’ असे रात्री नऊ वाजता गटावर येणारे संदेश कोणत्याच कलमात मोजले जात नाहीत. संगणक येतो म्हणून ऑनलाइन माहिती भरण्याचे काम विज्ञान शिक्षकाकडेच जाते, आणि प्रदर्शन, विज्ञान दिन व इन्स्पायर-मानक या विद्यार्थ्यांच्या विज्ञान कल्पनांसाठीच्या शासकीय योजनेची नोंदणीही त्याच्याकडेच असते. ही कामे आलटूनपालटून वाटून द्यावीत आणि शालेय वेळेनंतरच्या संदेशाला उत्तर दुसऱ्या दिवशी चालेल, असे मुख्याध्यापकाने स्वतः जाहीर करावे.

शरीराच्या तक्रारींची दखलही याच विषयात येते. प्रयोगशाळेच्या घुमणाऱ्या खोलीत मोठ्याने बोलून घसा बसतो. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. गर्भवती शिक्षिकेला फॉर्मॅलिन व कार्बनी द्रावके हाताळण्याचे काम देऊ नये; तिला ते मागावे लागू नये, शाळेनेच आधी विचारावे. झोप उडणे, सतत उदास वाटणे अशी लक्षणे असल्यास टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे. तो शिक्षक कक्षात लावावा. मात्र कोणी फोन केला याची चौकशी करू नये.

पडदा आहे, पाठ नाही

दीक्षा या शासकीय शैक्षणिक मंचावरील क्यूआर कोड, ई-बालभारतीची पुस्तके, फेट या संकेतस्थळाची मराठीत उपलब्ध असलेली आभासी प्रयोगदृश्ये हे सारे विनामूल्य आहे. नेट गेले की तास बुडतो, ही तक्रार आदल्या दिवशी साहित्य उतरवून ठेवल्यास बहुतांशी मिटते; फेटची अनेक दृश्ये नेटशिवायही चालतात. भिंगामुळे मिळणारी प्रतिमा पडद्यावर दाखवणे ठीक आहे, पण खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर पकडण्याची जागा ते दृश्य घेऊ शकत नाही.

प्रात्यक्षिकाचे २० गुण

दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग प्रत्येकी ४० गुणांचे आणि प्रात्यक्षिक २० गुणांचे असते. प्रयोग झालेले नसताना हे गुण भरघोस द्यावेत, असा अलिखित दबाव शिक्षकावर येतो. प्रयोगवह्या एकीवरून दुसरीत उतरतात आणि त्यांवर सही करणाऱ्याला ते ठाऊक असते. आपल्या विषयाची अशी सही वर्षानुवर्षे करावी लागणे शिक्षकाला आतून पोखरते. अशा शिक्षकापुढे कोणतेही प्रेरणादायी व्याख्यान फोल ठरते. शाळेने वर्षारंभी यादीतील जितके प्रयोग खरोखर होऊ शकतात तितक्यांच्या तारखा वेळापत्रकात घालाव्यात, दिवाळीपूर्वी त्यांतले किती झाले ते पाहावे, आणि राहिलेल्यांसाठी शिक्षकाला जाब विचारण्याऐवजी जोडतासिका द्याव्यात.