सिक्लिड टँक लावायचाय? मग मासे सगळ्यात शेवटी आणा

सिक्लिड पाळायचं डोक्यात आलं की माणूस पहिल्या सुट्टीला कुर्ल्याच्या नाहीतर क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत जातो, पिवळे-निळे मासे बघतो आणि पिशवी हातात घेऊनच घरी येतो, टँक काय नंतर भरू म्हणून. असं करू नका. मासे ही या यादीतली शेवटची वस्तू आहे, त्याच्याआधी महिना-दीड महिन्याचं काम आहे आणि त्यातलं निम्मं काम तुमच्या नळाशी बोलण्याचं आहे.

तर पहिल्यांदा कागदावर एक ओळ लिहा, कुठले सिक्लिड. कारण सिक्लिड म्हणजे एक मासा नाही, दीड हजाराहून जास्त जातींचं मोठं खानदान आहे. एंजल, ऑस्कर, डिस्कस, सेव्हरम आणि छोटा रॅम हे दक्षिण अमेरिकेतले, कन्व्हिक्ट मध्य अमेरिकेतला, ते चकचकीत पिवळे-निळे म्बुना आफ्रिकेतल्या मलावी तलावातले, फ्लॉवरहॉर्न तर माणसाने संकर करून बनवलेला, आणि मासळी बाजारात मिळते ती चिलापी आणि खाडीतलं काळुंदर हेसुद्धा त्याच घराण्यातले. पण घराणं एक म्हणून एका टँकमध्ये नांदतील असं नाही. मलावीवाल्याला कडक, खारट नव्हे हं, कडक म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी लागतं, पीएच ७.८ ते ८.६ च्या मधलं, आणि डिस्कस-रॅमवाल्याला मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकणारं. दुकानदार दोन्ही एकाच पिशवीत घालून देईल, त्याचं काय जातंय.

साइज पण आत्ताच बघा. दुकानात दोन इंचाचा गोंडस ऑस्कर दिसतो ना, तो वर्षभरात वीतभर होतो आणि पुढे फूटभर, एकट्या त्यालाच चार फुटांचा टँक लागतो. फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवायचा असतो, त्याला शेजारी चालत नाही. म्बुना चार-पाच इंचांचे पण भांडखोर, त्यांना तीन फुटात कोंबायचं नाही, चार फूटच धरा. दोन-अडीच फुटांची जागा असेल तर कन्व्हिक्टची एक जोडी, बस, त्यात दुसरं काही नको, जोडी जमली की पिल्लं होतातच आणि मग आईबाप टँकमध्ये दुसऱ्या कोणाला टिकू देत नाहीत.

आता नळ. मुंबईचं बीएमसीचं पाणी म्हणजे भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांत साठलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे मुळात ते बऱ्यापैकी मऊ. म्हणजे एंजल, सेव्हरम, कन्व्हिक्ट वगैरेंना ते क्लोरीन काढलं की तसंच चालतं, त्यात काही मिसळत बसायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की पहिलाच टँक असेल तर नळाला जुळणारा मासा निवडा, माशाला जुळणारं पाणी बनवत बसू नका. पण आधी बिल्डिंगच्या सेक्रेटरीला किंवा पंप चालवणाऱ्या वॉचमनला विचारा की टाकीत नुसतं बीएमसीचं येतं का बोअर आणि टँकर पण मिसळतात, कारण बोअरचं पाणी मिसळलं की कडकपणा एकदम वर जातो, आणि काही सोसायट्यांत एप्रिल-मेमध्ये वेगळं आणि ऑगस्टमध्ये वेगळं पाणी येतं. थेंबाची टेस्ट किट घ्या, पीएच, जीएच (एकूण कडकपणा), केएच (पीएच धरून ठेवणारे क्षार), अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट एवढं मोजणारी. पट्ट्यांवर फार विश्वास ठेवू नका, त्यातल्या बऱ्याचशा अमोनिया दाखवतच नाहीत आणि सुरुवातीला नेमका तोच बघायचा असतो. आठवडाभर अधूनमधून नळाचं पाणी तपासून वहीत लिहा. कंटाळवाणं आहे पण फुकट आहे.

मलावीच पाहिजेत असं ठरलंच असेल तर पाणी कडक करायची सोय यादीत घाला. सोपा मार्ग म्हणजे शिंपल्यांचं चूर, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते, किंवा घरी तिसऱ्या आणल्या की शिंपल्या टाकून न देता स्वच्छ घासून, उकळून, वाळवून, कुटून ठेवा आणि जाळीच्या पिशवीतून फिल्टरमध्ये टाका, हळूहळू विरघळत राहतात. दुकानात पोवळ्याचे तुकडे दाखवतील, ते घेऊ नका, सगळी कडक पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, विकणारा आणि घेणारा दोघं अडकतात. खायचा सोडा आणि एप्सम सॉल्ट घालूनही करतात लोक, चालतं, फक्त दर वेळी बादलीमागे तेवढंच मोजून घालायचं, आज चमचा आणि पुढच्या आठवड्यात अंदाजपंचे असं केलं की पीएच झुलत राहतो आणि मासे त्यानेच जास्त हैराण होतात.

जागा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये साधारण २५५ लिटर पाणी मावतं, म्हणजे पाण्याचेच २५५ किलो, वर काच, वाळू, दगड, स्टँड धरून साडेतीनशेच्या पुढे. नव्या बिल्डिंगमध्ये बीमला लागून, भिंतीशी आडवा लावला तर सहसा प्रश्न येत नाही, हॉलच्या मधोमध किंवा बाल्कनीत नको. गिरगाव-परळच्या जुन्या लाकडी पाटांच्या चाळीत राहत असाल तर एवढा मोठा टँक सोडूनच द्या, दोन फुटांवर समाधान माना, आणि माळ्यावर तर अजिबात नाही. थेट ऊन येणारी खिडकी नको, शेवाळ आणि उष्णता दोन्ही वाढतात. टीव्हीच्या वर किंवा एक्स्टेंशन बोर्डच्या वर नको. आणि गळती झाली तर पाणी खालच्या मजल्यावरच्यांच्या सीलिंगला जातं, मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमच्या माशांचा विषय निघतो, म्हणून टँक घरी आला की आधी बाथरूममध्ये सपाट जागेवर पाणी भरून दोन दिवस ठेवायचा, जोडांवरून कोरडा कागद फिरवायचा, ओला झाला तर परत.

काच चार फुटाला ८ मिमीच्या खाली नको, १० असेल तर उत्तम. स्टँड लोखंडी असेल तर रंग नीट मारून घ्या, आपल्याकडच्या हवेत गंज लवकर चढतो, साधं एमडीएफ तर पाण्याने फुगतंच. टँकखाली थर्माकोलची शीट, आणि मिस्त्रीकडची पाणसळ मागून आणून लेव्हल बघायची. झाकण पाहिजेच, सिक्लिड उड्या मारतात.

फिल्टरमध्ये कंजुषी करू नका, बाकी कुठेही करा. सिक्लिड खातात भरपूर आणि घाण पण भरपूर करतात, त्यामुळे टँकच्या पाण्याच्या पाच-सहा पट तासाला फिरवेल असा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) किंवा घरी बनवलेला संप (टँकखालची गाळणीची टाकी), आणि सोबत एक साधा स्पंज फिल्टर एअर पंपावर. मुंबईत लाइट फारशी जात नाही हे खरं, पण १२ ऑक्टोबर २०२० ला अख्खी मुंबई बंद पडली होती आणि पावसाळ्यात पाणी तुंबलं की सुरक्षेसाठी सप्लाय बंद करतातच, म्हणून एक चार्जिंगवाला एअर पंप ड्रॉवरमध्ये चार्ज करून ठेवा. वायर बोर्डात लावायच्या आधी खाली झोल देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलावरून खाली पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. घरात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

दगड आधी, वाळू नंतर. म्बुनांचा उद्योगच खोदायचा, वाळूवर दगड रचले तर ते खालून पोखरतात आणि दगड काचेवर येतो. म्हणून तळाच्या काचेवर पातळ शीट, त्यावर मोठे दगड घट्ट बसवून, हाताने हलवून बघून, मग भोवती धुतलेली वाळू. आपला सह्याद्रीचा काळा दगड मस्त दिसतो आणि पाण्यात काही सोडत नाही. दुसरा कुठला दगड असेल तर त्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर चुना आहे, मलावीला चालेल, रॅम-डिस्कसला नाही. समुद्रावरची वाळू आणायची नाही.

आता मुख्य काम, आणि इथेच सगळे घाई करतात. पाणी भरलं, क्लोरीन काढायला अँटी-क्लोरीन टाकलं, फिल्टर चालू केला, पाणी काचेसारखं दिसायला लागलं की लोकांना वाटतं झालं. काही झालेलं नाही. माशांच्या शी-शूमधून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये, दगडावर बसायला साधारण चार ते सहा आठवडे घेतात. पहिले दोन माल विषारी, तिसरा पाणी बदलून काढता येतो. शिवाय पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त, पीएच एक अंकाने वाढला की तो भाग जवळजवळ दहापट होतो, त्यामुळे मलावीच्या कडक पाण्यात कच्च्या टँकची चूक जास्त महाग पडते. तर मासे न घालता हे जिवाणू वाढवायचे. रोज चिमूटभर माशाचं खाणं टाकून सडू द्या, किंवा वास-साबण नसलेला शुद्ध अमोनिया मिळाला तर किटवर २ पीपीएम (लिटरमागे २ मिलीग्रॅम) दिसेल एवढाच घाला. कोणा ओळखीच्याचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, ओला ठेवून, विरजण लावल्यासारखं काम करतो, बराच वेळ वाचतो. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि हट्टीपणे तिथेच बसेल, वैतागू नका. अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आले की टँक तयार. बाटलीतले जिवाणू टाकून 'उद्या मासे घाला' म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा, टाकायचे असतील तर टाका, पण किटचा शून्य दिसेपर्यंत थांबाच.

या थांबण्याच्या दिवसांत तापमान बघा. हीटर मुंबईत बहुतेकांना लागत नाही, डिस्कस असतील किंवा जानेवारीत रात्री पाणी फार खाली जात असेल तरच. खरा त्रास मे महिन्यात, बंद फ्लॅटमध्ये पाणी ३२ च्या वर जातं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालेल असा लावा, दोन-तीन डिग्री उतरतात. जूननंतर हवेतच दमटपणा एवढा की पंख्याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा हवेचे बुडबुडे वाढवायचे.

पाणी बदलायची सोय मासे यायच्या आधी करून ठेवा. दर आठवड्याला पाव ते तीसेक टक्के, म्हणजे चार फुटाला चार-पाच बादल्या. झाकणाचा एक ड्रम बाथरूममध्ये, फक्त टँकसाठी, त्यात साबणाचा हात जाता कामा नये, घरच्यांना निक्षून सांगा. सायफनचा पाइप बाथरूमपर्यंत पुरेल एवढा लांब घ्या. आणि जूनमध्ये तलावांची पातळी खाली गेली की पाणीकपात होते, तेव्हा आठवड्याला चार बादल्या माशांना म्हटल्यावर घरातून काय ऐकावं लागेल ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून मासे मुळातच थोडे कमी ठेवा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नाहीतर महिनाभर वाढवलेले जिवाणू गटारात.

आता मासे. रविवारी निघणार असाल तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे बघून निघा, पिशवीतल्या माशाला प्लॅटफॉर्मवर तासभर उन्हात उभं राहणं परवडत नाही, त्यापेक्षा मधल्या वारी दुपारी जा, दुकान रिकामं असतं आणि ट्रेन पण. पंख चिकटवून एका कोपऱ्यात बसलेला, पोट आत गेलेला, अंगावर मिठाच्या दाण्यासारखे ठिपके असलेला मासा नको, आणि त्याच टाकीतला दुसरा चांगला दिसणारा पण नको. दुकानदाराला खायला घालून दाखवायला सांगा. 'मिक्स आफ्रिकन' म्हणून विकतात ते टाळा, त्यात ऑरॅटस नावाचा भांडखोर म्बुना निघाला तर बाकीच्यांचं जगणं कठीण करतो. नवशिक्याला यलो लॅब बरा, म्बुनांमधला त्यातल्या त्यात शांत. एका नरामागे तीन-चार माद्या आणि एकाच वेळी सोडलेली बारा-पंधरा लहान पिल्लं, म्हणजे मार एकावरच पडत नाही. घरी पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, आणि मासा जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत.

खाणं दिवसातून एकदा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. म्बुना निसर्गात दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, त्यांना स्पिरुलिना म्हणजे शेवाळ घातलेले दाणे द्या, ब्लडवर्म, मांस वगैरे रोज घातलं की पोट फुगून मरतात. ऑस्करला मजा म्हणून जिवंत गोल्डफिश घालायची पद्धत आहे, बंद करा, रोग येतो आणि पोषणही धड नाही. एखादी म्बुना मादी अचानक खायची बंद झाली आणि हनुवटी फुगलेली दिसली तर औषध ओतू नका, तोंडात अंडी धरून बसली असेल, तीनेक आठवडे उपाशीच राहते ती.

ऑस्कर मोठा झाला, नकोसा झाला तर पवई तलावात किंवा विसर्जनाच्या तलावात सोडून यायचं नाही. चिलापी अशीच बाहेरून, १९५२ मध्ये, भारतात आली आणि आता कुठल्या तलावात नाही ते विचारा. परत घेणारा दुकानदार आधीच शोधून ठेवा.

शेवटची वस्तू यादीत लिहा, गणपती. कोकणात आठ-दहा दिवस जाणार असाल तर मोठ्या, धडधाकट माशांना तीन-चार दिवस उपाशी ठेवलं तरी काही होत नाही, त्याच्यापुढे शेजारच्या काकूंना किल्ली द्या, पण खाण्याचा डबा देऊ नका. एकेका वेळचे दाणे कागदाच्या पुड्यांत बांधून, पुड्यांवर तारीख लिहून द्या आणि डबा कपाटात कुलूप लावून ठेवा, कारण काकू प्रेमाने मूठभर टाकतात आणि वर फोन करून सांगतात की अहो, किती भुकेले होते बिचारे.