जोडीदार गेला, अन् गावाला तो फक्त तुमचा मित्र होता

तुम्ही दोघं पुरुष, आणि तुमचं नातं कोणाला माहीत नव्हतं. तरी मयतीला जा. मित्र म्हणून खांदा देता येतो, तेरवीला पंगतीत वाढताही येतं. गावात त्याचं कारण कोणी विचारत नाही. राख सावडायला जायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच त्याच्या भावाला किंवा काकाला सांगून ठेवा. सकाळी मंडळी लवकर निघतात, आणि हे राहून गेलं की पुढे फार सलतं.

त्याच्या नंबरवर आता काही पाठवू नका. फोन घरच्यांच्या हातात असतो, लॉक न उघडताही मेसेज वाचता येतो. तुमच्याकडचे दोघांचे फोटो आणि चॅट वेगळ्या मेमरी कार्डवर काढून ठेवा. भीतीपोटी पुसून टाकलं तर परत मिळणं अवघड.

तेरवीनंतरचे दिवस जास्त जड. सांत्वनाला लोक त्याच्या घरी जातात, तुमच्याकडे कोणी येत नाही. त्यातच तुमच्या घरात स्थळाचा विषय निघतो. ‘जवळचा माणूस गेलाय, वर्षभर थांबा’ एवढंच म्हणा, ते खरंच आहे. घरी सगळं सांगून टाकायचा निर्णय मात्र इतक्यात नको. शोकात घरच्यांचा राग झेलायची ताकद नसते. पण एका तरी माणसापुढे त्याचं नाव घेऊन ‘माझं त्याच्यावर प्रेम होतं’ हे बोलाच. न बोललेलं प्रेम हळूहळू स्वतःचीच लाज बनतं, आणि लाज वाटावी असं तुमच्यात काही नाही. तसा माणूस नसेल तर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा: फुकट, चोवीस तास, मराठीतही. घरात ऐकू जात असेल तर शेतातून लावा.

मरणाचे विचार येत असतील तर आजच फवारणीचं औषध घराबाहेर दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि कोणाला तरी सोबत घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. तो आवेग बहुतेकदा ओसरतो. तेवढ्या वेळात विष हाताशी नसणं जीव वाचवतं. ‘पुरुषाला पुरुष आवडणं बरं करतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडून मात्र उठून या. असे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये गैरवर्तन ठरवले आहेत.

अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरतात, तेव्हा त्याच्या नावाचीही एक भरा.

पुढे पुन्हा कोणावर जीव जडला तर त्यात त्याची प्रतारणा नाही. फक्त या वेळी कागद आधी करा. कायदा तुम्हाला वारस मानत नाही. बँकेत जोडीदाराला नॉमिनी करता येतं, पण नॉमिनीच्या हाती आलेल्या पैशावर वारस हक्क सांगू शकतात. म्हणून मृत्युपत्र हवंच: साधा कागद चालतो, सही दोन साक्षीदारांसमोर, आणि ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको.